रुग्णशय्येजवळचा दुभाषी

आपल्याकडील कोणत्याही रुग्णालयात, मग ते सरकारी असो वा खाजगी, नव्या रुग्णाच्या बाबतीत विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा त्याच्या दुखण्याविषयी नसतो. ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हा तो प्रश्न होय. केसपेपर काढावयाचा, पैसे भरावयाचे, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवावयाचा, औषधे आणावयाची, रात्री खाटेशेजारी सतरंजी अंथरून जागावयाचे, ही सारी कामे रुग्णाच्या नातलगाने करावयाची, असे येथील व्यवस्थेने गृहीतच धरलेले असते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ सालापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी येत आहेत, आणि त्यांच्यासोबत येणारी माणसे दादरच्या गाडगेमहाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेसारख्या ठिकाणी आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत आहेत. हा नातलग नसता तर आपली रुग्णालये एक दिवसही चालली नसती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. तथापि ज्याच्या खांद्यावर ही इमारत उभी आहे त्याची नोंद रुग्णालयाच्या कोणत्याही वहीत नसते.

हा नातलग बहुतेक वेळा पती किंवा पत्नी असतो. सामान्य संसारात त्याचे काम कष्टाचे असले तरी साधे असते. रुग्ण स्वतःचे दुखणे स्वतः सांगू शकतो. सहचराने फक्त धावपळ करावयाची असते. परंतु ज्या दांपत्यापैकी एकाच्या मेंदूची घडणच इतरांहून वेगळी आहे, तेथे गंभीर आजार आला म्हणजे सहचराच्या कामाचे स्वरूप पालटते. तेथे त्याला रुग्णाचा हमाल, कारकून आणि परिचारक तर व्हावे लागतेच. शिवाय दुभाषीही व्हावे लागते. या दुभाषेपणाची आपल्या वैद्यकव्यवस्थेला ओळख नाही, कायद्याला ती अर्धवट आहे आणि अर्थशास्त्राला मुळीच नाही. या अनास्थेची किंमत कोण मोजतो, याचा विचार व्हावयास हवा.

शब्दाने केलेला घोटाळा

इंग्रजीत ज्याला ‘ऑटिझम’ म्हणतात त्यासाठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला आहे. तो सुटसुटीत असला तरी दिशाभूल करणारा आहे. स्वतःतच बुडालेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला असा माणूस या शब्दाने डोळ्यांपुढे उभा राहतो. वस्तुतः या अवस्थेतील पुष्कळ माणसांची अडचण नेमकी उलट असते. बाहेरचे जग त्यांच्यावर इतक्या जोराने आदळते की, त्यापासून स्वतःला सावरण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडते. ट्यूबलाइटची फडफड, फिनेलचा वास, मागून अचानक खांद्यावर पडलेला हात, एकाच वेळी चाललेली चार संभाषणे, या इतरांना जाणवतही नाहीत अशा गोष्टी त्यांना असह्य होऊ शकतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपली निदानपुस्तिका सुधारली, तेव्हा संवेदनांच्या या तीव्रतेचा किंवा उलटपक्षी मंदतेचा समावेश निदानाच्या लक्षणांत केला.

दुसरा गैरसमज वयाचा आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली आणि हान्स आस्परगर यांनी १९४४ साली या अवस्थेचे वर्णन केले ते लहान मुलांवरून, आणि तेव्हापासून हा बालकांचाच विषय आहे अशी समजूत दृढ झाली. पण मुले मोठी होतात. कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट पुढे बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवू लागला, आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी निवर्तला. लॉर्ना विंग यांच्या १९८१ सालच्या लेखामुळे ज्यांची भाषा आणि बुद्धी शाबूत आहे अशा व्यक्तींकडे इंग्रजी जाणणाऱ्या वैद्यकविश्वाचे लक्ष गेले. महाराष्ट्रात आज जे स्त्री-पुरुष पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांच्या शाळेच्या दिवसांत हे नाव शिक्षकांना वा डॉक्टरांना माहीत असण्याचा संभव फारच थोडा होता. अशा मुलांना तिरसट, एककल्ली, घुम्या, विक्षिप्त अशी विशेषणे मिळाली. त्यांतील अनेकजण शिकले, नोकरीला लागले, आणि रीतीप्रमाणे पत्रिका जुळवून त्यांची लग्नेही झाली. निदान कधीच झाले नाही. ते सहवासातून त्यांच्या जोडीदाराने आपल्यापुरते केले, आणि त्याप्रमाणे संसाराची मांडणी केली.

या मांडणीविषयी समाजाची समजूत अशी की, एकाने सोसावयाचे आणि दुसऱ्याने सोसावयास लावावयाचे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. ते स्वतः या अवस्थेतील आहेत. त्यांचे म्हणणे असे की, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही ही अर्धीच गोष्ट झाली. इतरांनाही त्याचे मन कळत नाही. अडचण दोघांमधली आहे. जो जोडीदार ती ओलांडण्यास शिकला, त्याने खरोखर एक परकी भाषाच आत्मसात केली म्हणावयाची. एरवी ही भाषा घरातच वापरली जाते. आजारपणात मात्र ती घेऊन रुग्णालयाच्या दारात उभे राहावे लागते.

दुखणे सांगणे म्हणजे काय?

उदाहरणादाखल असा एक संसार कल्पावा. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातील अठ्ठेचाळीस वर्षांचा कर्मचारी. पत्नी प्राथमिक शिक्षिका. तो ठरलेल्या वेळी उठतो, ठरलेल्या ताटलीत ठरलेले चार पदार्थ खातो, कार्यालयातील एकही आकडा चुकवीत नाही, आणि लग्नकार्याच्या गर्दीत पाच मिनिटेही थांबू शकत नाही. त्याच्या गालाच्या आतील बाजूस व्रण होतो. तो कोणास सांगत नाही. कारण दुखणे म्हणजे जे सांगावयाचे असते ते हेच, हे त्याला वाटलेले नसते. पोळीऐवजी तो भात मागू लागला, एवढ्यावरून पत्नीला संशय येतो आणि कर्करोगाचे निदान होते.

येथून पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. बाह्यरुग्ण विभागात त्याला ‘दोन मिनिटे बसा’ असे सांगितले जाते. आपल्या भाषेत दोन मिनिटे म्हणजे दुपारपर्यंत, हे सर्वांना कळते. त्याला ते कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला तो उठतो आणि उद्धट ठरतो. डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास होतो का?’ त्या क्षणी दुखत नसल्यामुळे तो ‘नाही’ म्हणतो. ते उत्तर शब्दशः खरे आणि वैद्यकदृष्ट्या घातक असते. एक ते दहा या मापात वेदना किती, असे विचारले असता तो दहा म्हणजे नेमके काय, असा उलट प्रश्न करतो. प्रश्न चुकीचा नाही. पण रांगेतील पुढचा रुग्ण तोवर आत आलेला असतो. चेहऱ्यावर वेदना उमटलेली नाही म्हणजे ती नाहीच, असा सर्वसाधारण समज असल्यामुळे वेदनाशामकाची मात्रा कमी पडते. एम.आर.आय. यंत्राच्या ठोक्यांच्या आवाजाने तो मध्येच बाहेर यावयाचे म्हणतो. तपासणी वाया जाते आणि कागदावर ‘रुग्णाने सहकार्य केले नाही’ अशी नोंद होते.

डोके व मान या भागाच्या कर्करोगासाठी किरणोपचार द्यावयाचे असतात तेव्हा डोके किंचितही हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून तिचा मुखवटा तयार करतात, आणि दर खेपेस तो मुखवटा चढवून टेबलाला पक्का अडकवितात. उपचार आठवड्यातून पाच दिवस, सामान्यतः सहा ते सात आठवडे चालतात. दोन-तीन आठवड्यांत तोंड सोलवटते, चव जाते, गिळणे कठीण होते आणि कित्येकदा नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते. कोणाही माणसाची ही कसोटीच आहे. ज्याला कपाळावर टोपीचा स्पर्शही सहन होत नाही आणि ज्याचे सारे आयुष्य चार पदार्थांच्या चवीवर स्थिर झालेले आहे, त्याच्यावर काय प्रसंग गुदरत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

पत्नी जे करते ते नेमके येथे. ती मुखवटा चढविण्याच्या आदल्या दिवशी तो त्याच्या हातात देण्याची विनंती करते. टेबलावर निजल्यापासून उठेपर्यंत काय काय घडेल ते क्रमवार कागदावर लिहून देते. ‘थोडेसे टोचेल’ असे न म्हणता ‘सुई जाईल, मनात दहा अंक मोजेपर्यंत दुखेल, मग थांबेल’ असे सांगावे, हे ती सिस्टरला समजावते. रोजची वेळ एकच असावी असा आग्रह धरते. आणि ती एकच ठेवली असता हाच ‘असहकार करणारा’ रुग्ण एकही खाडा न करता वेळेआधी पाच मिनिटे हजर होतो. तो गप्प झाला म्हणजे त्याने संमती दिली असे नव्हे, हे तिला ठाऊक असते. वर्तमानपत्राची काटेकोर घडी घालणे त्याने सोडून दिले की दुखणे वाढले, हे तिच्याशिवाय जगात कोणालाही ठाऊक नसते. ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. तिचे वैद्यकीय मोल मात्र प्रयोगशाळेतील अहवालाइतकेच आहे.

असल्या माहितीवाचून काय होते याची साक्ष अन्य देशांतून मिळते. स्वीडनमधील राष्ट्रीय नोंदींच्या आधारे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, त्या काळात मृत्यू पावलेल्या स्वमग्न व्यक्तींचे सरासरी वय सुमारे ५४ वर्षे, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर मृतांचे सुमारे ७० वर्षे आढळले. या आकड्यांना आयुर्मान समजण्याची चूक अर्थातच करू नये. या तफावतीची कारणे अनेक आहेत, आणि अपस्मार व आत्महत्या ही त्यांतील मोठी आहेत. तरी शारीरिक रोगांनी ओढवणाऱ्या मृत्यूंचे प्रमाणही अधिक दिसून आले. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर मॅगोवन हा अठरा वर्षांचा मुलगा २०१६ साली दगावला. मनोविकारावरील विशिष्ट औषध आपल्याला देऊ नये असे त्याने स्वतः सांगितले होते, आईवडिलांनीही बजावले होते. तरी ते देण्यात आले. त्याच्या आईने चालविलेल्या चळवळीनंतर २०२२ सालच्या कायद्याने तेथील आरोग्यसेवकांना स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांविषयीचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. एका तरुण जिवाच्या मोबदल्यात ऐकून घेण्याचा हा धडा त्या देशाने घेतला.

कायदा आहे, पण कोठे?

आपल्याकडे कायदा नाही असे म्हणता येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत होऊन १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. ते एकवीस झाले आणि त्यांत स्वमग्नतेचा समावेश झाला. सरकारी तसेच खाजगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित प्रवेश आणि उपचारांत अग्रक्रम देण्याची तरतूद या अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमात आहे. ‘अडथळा’ याची व्याख्या पायऱ्या आणि दरवाजे यांपुरती मर्यादित नाही. संज्ञापनातील आणि दृष्टिकोनातील अडथळेही तीत स्पष्टपणे मोडतात. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या अभ्यासक्रमांत अपंगत्वाचा विषय अंतर्भूत करावा, असेही सत्तेचाळिसावे कलम सांगते. इतकेच नव्हे, तर मोबदला घेऊन वा न घेता शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयाची ‘काळजीवाहक’ म्हणून व्याख्याही कायद्यात आहे. तथापि व्याख्या करून कायदा जणू थकून गेला. रुग्णालयात या काळजीवाहकाला स्थान काय, त्याचे म्हणणे कोणी आणि कोठे लिहून घ्यावयाचे, याविषयी कायदा काही बोलत नाही. प्रत्यक्षात रॅम्प बांधला की कायदा पाळला, अशी सर्वत्र समजूत आहे.

या ठिकाणी एका धोक्याचाही उल्लेख करावयास हवा. दुभाषी आणि पालक यांत अंतर आहे, आणि ते राखले गेले पाहिजे. पत्नी सर्व सांगते आहे असे दिसताच डॉक्टर रुग्णाकडे पाठ फिरवून तिच्याशीच बोलू लागतात, संमतिपत्रावर तिचीच सही घेतात. हे बेकायदेशीर आहे. समीरा कोहली यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निःसंदिग्ध शब्दांत निर्णय दिला की, सज्ञान आणि सक्षम रुग्णाच्या बाबतीत संमती त्याचीच हवी. नातलगाची संमती तिची जागा घेऊ शकत नाही. स्वमग्न व्यक्ती केवळ स्वमग्न आहे म्हणून अक्षम ठरत नाही. २०१६ चा अधिनियमही तिची कायदेशीर क्षमता इतरांइतकीच मानतो. दुभाष्याने दोन्ही बाजूंचे बोलणे इकडून तिकडे न्यावयाचे असते. कोणाच्याही वतीने निर्णय घ्यावयाचा नसतो. उत्तम सहचर हे अंतर जाणतो. रुग्णालयाने ते पुसून टाकू नये.

निदान उघड करण्यास कुटुंबे कचरतात याचेही एक कारण कायद्यात आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील घटस्फोटाच्या कारणांत मनोविकृतीचा समावेश आहे, आणि तिची व्याख्या बरीच व्यापक आहे. रोगाचे नुसते नाव पुरेसे नसून त्याचे स्वरूप व तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच राम नारायण गुप्ता यांच्या दाव्यात स्पष्ट केले असले, तरी वकिलाच्या हाती पडलेला कागद उद्या काय करील ही धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नाही. मुलीचे लग्न जमावयाचे असते तेथे तर हा विषय काढण्याचीही सोय नसते. परिणाम असा की, ज्या माहितीने जीव वाचावयाचा तीच लपविली जाते.

हिशेबाबाहेरचे श्रम

आता अर्थकारणाकडे वळता येईल. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली एक गमतीदार विसंगती दाखविली होती: एखाद्याने पगारी घरकामगार स्त्रीशी लग्न केले की, काम तेवढेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. शंभर वर्षे उलटली तरी राष्ट्रीय हिशेबाची रीत या बाबतीत बदललेली नाही. घरच्या माणसाची विनामोबदला शुश्रूषा स्थूल देशांतर्गत उत्पादनात मोजली जात नाही. आपल्या देशाने २०१९ साली वेळेच्या विनियोगाची पहिली राष्ट्रव्यापी पाहणी केली. त्या पाहणीनुसार घरातील माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या स्त्रिया या कामी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत होते. शिवाय असे काम करणाऱ्यांचे प्रमाणच स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट होते. हे सरासरी दिवसाचे आकडे झाले. जिच्या नवऱ्याला किरणोपचार चालू आहेत आणि ज्याला तिच्यावाचून कोणाशी बोलता येत नाही, तिच्या दिवसात मोजावयास उरतच काय?

ती नोकरीत असेल तर तिच्या रजेचा प्रश्न उभा राहतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना अपत्यसंगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती योग्यच आहे. पतीच्या वा पत्नीच्या दीर्घ आजारासाठी मात्र तशी स्वतंत्र तरतूद नाही; अर्जित रजा संपली की बिनपगारी. ब्रिटनमध्ये २०२३ सालच्या कायद्याने काळजीवाहकांना वर्षाकाठी आठवड्याची रजा दिली, तीही बिनपगारीच. असंघटित क्षेत्रातील माणसाच्या बाबतीत तर रजा हा शब्दच निरर्थक आहे. तेथे खाडा म्हणजे उपास.

विम्याची आणि करसवलतीची कथा वेगळी नाही. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्न व्यक्तीस एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. कर्करोगाच्या खर्चापुढे ते किती तोकडे आहे हे सांगावयास नको. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा आता प्रतिकुटुंब पाच लाख रुपये आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु तीत शस्त्रक्रिया बसते, किरणोपचार बसतात, शेजारी बसून राहणारे माणूस बसत नाही. अवलंबून असलेल्या अपंग जोडीदाराच्या पालनासाठी प्राप्तिकरात वजावट आहे खरी. पण ती जुनी करपद्धत स्वीकारणाऱ्यासच मिळते, आणि तिच्यासाठी प्रमाणपत्र लागते. प्रौढ माणसाच्या स्वमग्नतेचे निदान करून प्रमाणपत्र देणारी तज्ज्ञ मंडळी मोठ्या शहरांबाहेर शोधूनही सापडणे कठीण. ज्याला सवलतीची सर्वांत अधिक गरज तोच कागदावाचून तिच्याबाहेर राहतो.

अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात समता कशाची, असा प्रश्न विचारला होता. सर्वांना सारखीच साधने दिली म्हणजे समता झाली असे नव्हे. त्या साधनांचे प्रत्यक्ष हितात रूपांतर करण्याची शक्ती माणसागणिक वेगळी असते, हे त्यांच्या विवेचनाचे सार. रुग्णालयातील एकाच खाटेचे, एकाच यंत्राचे आणि एकाच औषधाचे हितात रूपांतर करण्यासाठी काही रुग्णांना दुभाष्याची गरज असते. तो नसेल तर त्यांच्यावर झालेला सार्वजनिक खर्चही वाया जातो.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे. जेथे एकेका खाटेवर दोन रुग्ण आणि जमिनीवर तिसरा, जेथे डॉक्टरला मान वर करावयास फुरसत नाही, तेथे असले लाड कोणी पुरवावयाचे? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शुश्रूषेच्या धंद्यात वेळेची काटकसर कारखान्याप्रमाणे करता येत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ बॉमोल यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले आहे. तथापि येथे मागितले जाते आहे त्यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. रोजची वेळ एक ठेवणे, हात लावण्यापूर्वी सांगणे, ‘दोन मिनिटे’ ऐवजी ‘बारा वाजेपर्यंत’ म्हणणे, गजबजाटाबाहेर थांबण्याची मुभा देणे आणि नाव पुकारण्यासाठी जोडीदाराच्या फोनवर कळविणे, यांना अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. खर्च होतो तो हे न केल्याने: अर्धवट सोडलेली तपासणी पुन्हा करावी लागते, यंत्राची वेळ फुकट जाते, उशिरा कळलेला रोग महागडा होऊन येतो.

दुसरा आक्षेप असा की, आजारात सर्वांचेच हाल होतात, मग यांनाच वेगळी वागणूक का? याला उत्तर असे की, स्पष्ट बोलणे, ठरलेली वेळ आणि शांत जागा यांनी इतर रुग्णांचे काही बिघडणार नाही. ऐकू कमी येणारे म्हातारे, मराठी न समजणारा परप्रांतीय मजूर, भेदरलेली खेड्यातील बाई, या सर्वांनाच त्याचा लाभ होईल. रॅम्प चाकाच्या खुर्चीसाठी बांधला जातो. त्यावरून गर्भवतीही जातात.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, केसपेपराला जोडण्याचे एक पान. रुग्ण बोलतो कसा, दुखल्याचे कळते कसे, कशाने घाबरतो, काय केल्याने शांत होतो, एवढा मजकूर त्यावर रुग्णाने आणि जोडीदाराने मिळून लिहावा, आणि प्रत्येक पाळीच्या डॉक्टरांनी व सिस्टरांनी तो वाचावा. ब्रिटनमध्ये ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ या नावाने अशी कागदपत्रे वापरात आहेत. त्यासाठी प्रमाणपत्राची अट घालू नये. गरज सांगणे पुरे मानावे. दुसरी, भेटीच्या वेळेच्या नियमातून दुभाष्याला सूट. रुग्णाची इच्छा असेल तेथे तपासणीच्या खोलीत, भूल देण्यापूर्वी आणि शुद्धीवर येताना त्याला शेजारी थांबू द्यावे. तिसरी, जोडीदाराच्या गंभीर आजारासाठी स्वतंत्र पगारी रजा. सरकारने ती आपल्या कर्मचाऱ्यांपासून सुरू करावी. चौथी, २०१६ च्या अधिनियमात अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहेच. गंभीर आजाराच्या काळापुरता तरी तो इतर गरजूंपर्यंत पोहोचावा. पाचवी, निदान जिल्हा रुग्णालयांत प्रौढांच्या स्वमग्नतेचे निदान करण्याची सोय.

सहावी गोष्ट सरकारने करावयाची नाही, ती कुटुंबाने करावयाची आहे. दुभाषी एकच असणे हा या संसारातील सर्वांत मोठा धोका होय. उद्या तीच अंथरुणाला खिळली तर? तेव्हा रुग्णाची भूमिका आणि शुश्रूषेची भूमिका यांची अदलाबदल होईल, आणि ज्याला गर्दीत पाच मिनिटे थांबवत नाही त्याला तिच्यासाठी त्याच रांगेत उभे राहावे लागेल. अशी माणसे त्या वेळी हातपाय गाळतात, हा समज खरा मानण्याचे कारण नाही. औषधांच्या वेळा, मात्रा, तापाचे आकडे यांची जी बिनचूक वही स्वमग्न पती ठेवील ती एखाद्या परिचारिकेलाही साधणार नाही. मायेची त्याची भाषा अशीच असते. ती वहीत उतरते, ओठांवर येत नाही. पण त्यालाही मदतीला कोणी तरी हवे. म्हणून भाऊ, बहीण, मोठा मुलगा, शेजारी, यांपैकी एकाला तरी ही भाषा अगोदरच शिकवून ठेवली पाहिजे. त्यासाठी अर्थातच ती लपविण्याची गरज वाटू नये, असे वातावरण हवे.

अशा पत्नीकडे किंवा पतीकडे पाहून ‘केवढा हा त्याग!’ असे उद्गार काढण्याची आपल्याकडे रीत आहे. या कौतुकाने कोणाचेच भले होत नाही. त्याग म्हटले की हक्काचा विषय संपतो, रजेचा संपतो, भत्त्याचा संपतो; शिवाय ज्याच्यासाठी त्याग केला तो निव्वळ ओझे ठरतो. अनेक संसारांत दोघांपैकी कोणालाही तसे वाटत नसते. त्यांची अपेक्षा एवढीच असते की, एकाने जन्मभर शिकलेली भाषा रुग्णालयाने क्षणभर थांबून ऐकावी. ही अपेक्षा पुरी करण्यास नवे यंत्र लागत नाही, नवी इमारत लागत नाही आणि नवा कायदाही फारसा लागत नाही. ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ हे विचारण्याची सवय व्यवस्थेला आहेच. मिळालेले उत्तर लिहून घेण्याची सवय तिने आता लावून घेतली पाहिजे.